निद्रेचें कारण कोणाच्या ठायीं? जांब व कांदोळी येथील दोन साक्षी

जुन्या बाडांत ‘मोहन’, ‘निद्रा’ किंवा ‘स्तंभन’ ह्या मथळ्याखालीं चार ओळी सांपडल्या, कीं हल्लीं अनिद्रेवर योजिली जाणारी संमोहन-चिकित्सा आमच्याकडे पूर्वापार होती, असा निर्णय पुष्कळदां घाईनें दिला जातो. त्यास कागदाचा आधार कितपत आहे, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मराठींतील एक प्रसिद्ध स्थळ घेऊं. श्रीसमर्थ रामदासांचें जन्मग्राम जांब हें आजच्या जालना जिल्ह्यांत, घनसावंगी तालुक्यांत आहे. शके १५३० (इ. स. १६०८) मध्यें तेथें जन्मलेल्या ह्या सत्पुरुषानें दासबोधाच्या अठराव्या दशकाचा नववा समास निद्रानिरूपणास दिला आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं १९०५ सालीं डोमगांव मठांतील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून दासबोध छापिला, त्यामुळें पाठाविषयीं चिंता नको. जांभया देणारे, घोरणारे, झोंपेंत बरळणारे असे नानापरींचे निद्रिस्त समर्थांनीं डोळ्यांपुढें उभे केले आहेत. निरीक्षण सूक्ष्म आहे. परंतु हेतु सावधपण शिकविण्याचा आहे. झोंप अनावर होणाऱ्यांचें तें वर्णन असून, झोंप न येणाऱ्यावरील उपचार त्यांत नाहीं.

अनिद्रेचा विचार चरकसंहितेंत, सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायांत मिळतो. अभ्यंग, स्नान, दूध व सुखकर शय्या ह्यांबरोबरच मनास रुचतील असे गंध व शब्द तेथें सांगितले आहेत. शब्दानें मन निवतें व निवलेल्या मनास झोंप येते, इतकें ह्यावरून सिद्ध होतें. सूचना देऊन निजविण्याची रीति सिद्ध होत नाहीं. तंत्रग्रंथांतील मोहनाची गोष्ट तर अगदींच निराळी. स्तंभन, उच्चाटन इत्यादि प्रयोगांच्या पंक्तीस बसणाऱ्या ह्या कर्मांत सर्व बळ मंत्राचें व साधकाचें असतें. ज्यावर प्रयोग व्हावयाचा त्याची संमति कोणी विचारीत नाहीं. आजच्या चिकित्सेचें मर्म ह्याच्या उलट आहे. तींत रोग्याचें स्वतःचें अवधान हेंच कारण व वैद्य हा केवळ निमित्त. म्हणून शब्दसाम्यावर न विसंबतां, हें मर्म कागदावर स्पष्ट कोणीं मांडिलें, असा प्रश्न केला पाहिजे. त्याचें उत्तर शोधितां आम्हांस जांबेहून गोमंतकांत जावें लागतें.

जोसे कुस्तोदियो द फारिया ह्यांचा जन्म ३१ मे १७५६ रोजीं बारदेशांतील कांदोळी येथें झाला. १७७१ सालीं ते पित्यासह लिस्बनला निघाले, रोम येथें शिकून १७८० मध्यें पाद्री झाले, आणि १७८८ मध्यें पॅरिसला गेले. प्रयोगकर्त्याच्या अंगांतून एक अदृश्य द्रव निघून रोग्यांत शिरतो, हें मेस्मरचें मत त्या काळीं गाजत होतें. १७८४ च्या राजनियुक्त चौकशी मंडळास त्या द्रवाचा पुरावा मिळाला नाहीं. तरी मत टिकून होतें. १८१३ पासून फारियांनीं पॅरिसमध्यें जाहीर प्रयोग मांडिले. माणसास खुर्चीवर स्वस्थ बसवावें, डोळे मिटून निद्रेवर चित्त एकाग्र करण्यास सांगावें, आणि मग ठाम स्वरानें ‘झोंपा’ अशी आज्ञा करावी, एवढीच त्यांची कृति. द्रव नाहीं, प्रयोगकर्त्याची अद्भुत शक्ति नाहीं. कारण निजणाऱ्याच्याच ठायीं आहे, असें ते सांगत. नाटकगृहांतून त्यांची टवाळी झाली. १८१९ सालीं त्यांचा सचेत निद्रेच्या कारणांविषयींचा फ्रेंच ग्रंथ निघाला. त्याच्या मुखपृष्ठावर त्यांनीं स्वतःस ‘ब्राह्मण’ म्हणविलें आहे, हें संग्राहकांनीं ध्यानीं घ्यावें. त्याच वर्षीं २० सप्टेंबर रोजीं ते वारले.

त्यांचें सर्वच मत टिकलें असें नाहीं. रक्ताच्या पातळपणामुळें मनुष्य ह्या निद्रेस लवकर वश होतो, ही त्यांची कल्पना आज कोणी मानीत नाहीं. मूळ सिद्धांत मात्र पुढें फळला. १८४३ मध्यें ब्रेडनें ह्या विद्येस ग्रीक निद्रादेवतेवरून नवें नांव रूढ केलें. १८६६ मध्यें नान्सीच्या लिएबोनें व त्यामागून बर्नहाइमनें सूचनेचें तत्त्व रोगोपचारास लाविलें. गोमंतकीय वैद्य दालगादो ह्यांनीं १९०६ सालीं फारियांचें चरित्र प्रसिद्ध केलें, आणि १९४५ मध्यें पणजीस रामचंद्र पांडुरंग कामत ह्यांनीं घडविलेला त्यांचा पुतळा उभा राहिला.

संमोहन ही स्वाभाविक निद्रा नव्हे, हें आतां मेंदूच्या विद्युत्‌लहरींच्या आलेखांवरून कळून आलें आहे. तथापि सूचनाक्षम तरुण स्त्रियांची गाढ झोंप ध्वनिमुद्रित सूचनांनीं वाढते, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्विस प्रयोगांत दिसलें. जुनाट अनिद्रेवर मात्र विचार व संवयी सुधारणारी मानसोपचारपद्धति हाच आज पहिला उपाय मानिला जातो. संमोहनाचा पुरावा अद्याप तोकडा असून त्याचें स्थान पूरक आहे.

तेव्हां जालना, अंबड, परतूर ह्या बाजूंस कोणास असें पान मिळाल्यास त्यांनीं चार गोष्टी टिपाव्या: पानाचा काळ व हस्ताक्षर; विषय अतिनिद्रा कीं अनिद्रा; सामर्थ्य मंत्राचें मानिलें आहे कीं निजणाऱ्याच्या मनाचें; आणि त्याची संमति दिसते काय. एवढें झाल्यावांचून प्राचीनत्वाचा दावा करूं नये. कांदोळीच्या फारियांचें श्रेय छापील ग्रंथावर उभें आहे. संशयित पानांची भर घातल्यानें तें वाढणार नाहीं; उलट परकीय विद्वानांस आमच्या खऱ्या कागदांविषयींहि शंका घेण्यास जागा मिळेल.