शिशाची गोळी आणि लोखंडाचा मुलूख

जुना चांदा जिल्हा हा लोखंडाचा मुलूख. लोहारा, पिंपळगाव, देऊळगाव येथील खनिजाची कीर्ती जुनी आहे. एटापल्लीकडील सुरजागडचा डोंगर तर आज साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला आहे. इथल्या गावभट्ट्यांतून निघालेल्या लोखंडाचे फाळ होत, कुऱ्हाडी होत, भाल्यांची पाती होत. पण रानातल्या बंदूकवाल्याला ज्या धातूवाचून एक दिवस चालत नसे, त्यासाठी त्याला बाजाराचेच तोंड पाहावे लागे. तो धातू म्हणजे शिसे.

लोखंड पायाशी पडलेले असताना गोळीसाठी शिसेच का, असे कोणीही विचारील. लोखंडाचे पाणी व्हावयास सुमारे १५३८ अंश उष्णता लागते. देशी भट्टीत तेवढी आच निर्माण होत नसे. तिच्यातून निघे तो तापलेला, मळीने भरलेला गोळा. तो ठोकून ठोकून शुद्ध करावयाचा. ठोकून फाळ होतो, एकसारख्या गोल गोळ्या होत नाहीत. शिसे मात्र ३२७ अंशांवर, म्हणजे घरच्या चुलीवरच्या लोखंडी पळीत, पाणी होते. शिवाय ते लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड, आणि इतके मऊ की नळीला आतून ओरखडा पाडीत नाही.

गोळी ओतणे हे काम दिसावयास पोरखेळ. सांडशीसारख्या दोन पायांच्या साच्यात, मिटल्यावर, एक गोल पोकळी राहते. वरच्या भोकातून शिसे ओतावयाचे. पण साचा थंड असेल तर पहिल्या चारसहा गोळ्या सुरकुतलेल्या निघतात. त्या पुन्हा पळीत टाकाव्या लागतात. शिशावर जमलेली राखाडी मळी काढली नाही तर ती गोळीच्या पोटात शिरते. धार मध्येच तुटली तर आत पोकळी राहते, आणि अशी गोळी वजनाला हलकी पडून निशाण सोडून भलतीकडे जाते. ओतल्यावर राहिलेले शेपूट कापावयाचे, आणि गोळी तळहातावर जोखून पाहावयाची. बंदुकीचे मापही याच ओतकामातून आले आहे. नळीत बसणाऱ्या ज्या गोळ्या एका पौंड शिशात बारा होतात, ती बारा बोअरची बंदूक. आज कारखान्यातले काडतूस वापरणारा शिकारीही हे चुलीवरचे माप बोलत असतो.

शिशाबरोबर दारू हवी. (मोहाच्या मुलखात हा शब्द उच्चारताच वाचकाचे लक्ष दुसरीकडे जाईल, पण येथे अर्थ बंदुकीच्या दारूचा.) तिच्यात बहुतांश सोरा, तो जुन्या गावठाणांच्या मातीतून निघे. कोळसा तुराट्यांसारख्या हलक्या काष्ठाचा उत्तम. गंधक मात्र शिशाप्रमाणेच बाजारातून आणावयाचे. आणि सारे जमले तरी पावसाळा वैरी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरच्या दारूला ऊन देण्याची जी ताकीद आहे, ती पावसाळी डोंगरात राहिलेल्या माणसाचीच म्हणावी लागेल.

मग ठासणे. नळीच्या तोंडातून मोजून दारू, तिच्यावर गोळी, तिला घट्ट धरावयास चिंधी, आणि गजाने तळापर्यंत दाबणे. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव किती नेमके आहे ते येथे कळते. गोळी आणि दारू यांच्यामध्ये फट राहिली तर बार पुढे जाण्याऐवजी नळीच फुटते. शेवटी कानात रंजक घातली, तोडा फुंकला, की बंदूक तयार. एवढे होईपर्यंत अस्वल किंवा शिपाई कितीसा थांबणार?

१८५७ मध्ये उत्तरेकडे जे काडतूस भडक्याचे निमित्त झाले, त्याने हीच सारी यातायात वाचविली होती. दारू आणि गोळी एकाच कागदी नळकांड्यात. दाताने टोक फोडावयाचे आणि ठासावयाचे. एनफील्ड रायफलीची लांबट गोळी नळीहून बारीक असे, म्हणून सहज आत उतरे, आणि बार होताच फुगून आट्यांत बसे. तिच्यावरच्या चरबीवरून पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे.

चांद्यात उठाव झाला तो पुढच्या वर्षी. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले होते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी रोहिले व गोंड जमवून मार्च १८५८ मध्ये राजगड परगण्यावर चाल केली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. डेप्युटी कमिशनर क्रिक्टनने फौज धाडली. नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ येथे चकमकी झाल्या. २९ एप्रिलला प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला.

ही लढाई आपण शौर्याच्या अंगाने पुष्कळ सांगितली. शिशाच्या अंगाने कोणी फारशी पाहिलेली नाही. त्या काळी दोन्हीकडच्या बंदुका ठासणीच्याच होत्या. भेद होता तो पाठीमागच्या कोठाराचा. सरकारी शिपायाच्या पिशवीत गोळी येई ती आयती. बंडवाल्याची प्रत्येक गोळी कोठेतरी विकत घेतलेल्या किंवा लुटलेल्या शिशाची. रान त्याला आडोसा देई, पाणी देई, कंद देई. पण गोळी देत नसे. मला तर वाटते, बाजार आणि वाटा ज्याच्या हाती, त्याच्याशी झुंजणे त्या दिवशीही समोरच्या पलटणीशी झुंजण्याहून बिकट होते. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी सप्टेंबरात बाबुरावांना पकडून दिले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्यास त्यांना फाशी झाली. व्यंकटराव बस्तरात गेले. १८६० मध्ये सापडले आणि त्यांना जन्मठेप झाली.

सरकारनेही धडा घेतला. बंडानंतर शस्त्रे काढून घेण्याचे सत्र सुरू झाले, आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून बंदूकच नव्हे, तर दारूगोळा बाळगणेही गुन्हा ठरला. तरी शेतावर रानडुक्कर येतच होते. म्हणून स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यातही पीकराखणीसाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची वेगळी तरतूद राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा अर्थच पालटला.

पण बंदूक गेली नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, आणि तेथील बातम्यांतून तिचे हिंदी नाव आपल्या कानी पडू लागले : भरमार. भरावी आणि मारावी, एवढाच त्याचा अर्थ. नक्षलवाद्यांच्या गावोगावच्या साथीदारांकडे ती होती, आणि केवळ डुकरे हाकणाऱ्या गावकऱ्यांकडेही होती. अलीकडच्या वर्षांत पोलिसांच्या आवाहनावरून अनेक गावांनी आपापल्या भरमार बंदुका ठाण्यांत नेऊन जमा केल्या आहेत.