क्यूबातील जुन्या अमेरिकन मोटारगाड्या

क्यूबा या कॅरिबियन बेटावर मुख्यत्वे १९४० ते १९६० या काळात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून आयात झालेल्या व अद्यापि वापरात असलेल्या मोठ्या प्रवासी मोटारगाड्या. फुगीर, गोलसर आकारामुळे त्यांना स्थानिक स्पॅनिशमध्ये ‘आल्मेंद्रोन’ (मोठा बदाम) असे नाव पडले आहे. शेव्हर्ले, ब्यूक, फोर्ड, प्लिमथ, डॉज इ. बनावटींच्या गाड्या त्यांत विशेष आढळतात. त्यांची संख्या सु. ६०,००० असावी, असा अंदाज सामान्यतः दिला जातो.

पार्श्वभूमी : क्रांतीपूर्वी क्यूबाची साखर अमेरिकेस जाई व तेथील मोटारी हॅव्हानात येत. १ जानेवारी १९५९ रोजी बातीस्ताची राजवट कोसळली आणि कास्ट्रो यांच्या नेतृत्वाखालील क्रांतिकारकांकडे सत्ता आली. अमेरिकन मालमत्तांच्या राष्ट्रीयीकरणानंतर अमेरिकेने ऑक्टोबर १९६० मध्ये अन्न व औषधे वगळता क्यूबास होणारी निर्यात थांबविली. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी व्यापारबंदी जवळजवळ पूर्ण केली. नव्या मोटारींबरोबरच सुट्या भागांचा पुरवठाही तुटला. पुढे सोव्हिएट रशियातून मॉस्क्‌व्हिच, व्होल्गा व लाडा या गाड्या आल्या. परंतु त्यांचे वाटप शासन करीत असे व त्यांची खुली विक्री करण्यास मनाई होती. क्रांतिपूर्व गाडी मात्र मालकास विकता येई. या कायदेशीर भेदामुळे जुनी अमेरिकन मोटार ही सामान्य कुटुंबाजवळील मोजक्या विक्रेय मालमत्तांपैकी एक ठरली आणि पिढ्यान्‌पिढ्या जतन केली गेली.

रचना व फेरफार : या गाड्यांच्या रचनेनेच त्यांची दुरुस्ती सुकर केली. १९५७ ची शेव्हर्ले बेल एअर सु. ५ मी. लांब असून तिचे कवच जाड पोलादी पत्र्याचे व सांगाडा स्वतंत्र आहे. एंजिनाभोवती भरपूर मोकळी जागा असल्याने दुसरे एंजिन बसविता येते. मूळची सहा वा आठ सिलिंडरांची पेट्रोल एंजिने इंधन फार खात. म्हणून त्यांच्या जागी आधी सोव्हिएट आणि नंतर जपानी व कोरियन बनावटीची डीझेल एंजिने बसविण्यात आली. एंजिन बदलले की त्यास जुळणारी दंतचक्रपेटी लागते; एंजिनाचे आधार नव्याने बनवावे लागतात आणि प्रेरक दंडाची लांबीही कमीजास्त करावी लागते. अनेक गाड्यांत पुढील चाकांना नव्या गाड्यांचे तबकडी-गतिरोधक बसविलेले असतात. न मिळणारे भाग कारागीर लेथवर घडवितात, तर काही भाग परदेशस्थ नातेवाईक आणून देतात.

आर्थिक महत्त्व : १९९१ मध्ये सोव्हिएट संघाचे विघटन झाल्यावर क्यूबात इंधनाची व सार्वजनिक वाहतुकीची तीव्र टंचाई निर्माण झाली. १९९३ मध्ये अनेक व्यवसायांत स्वयंरोजगारास परवानगी मिळाली. ठराविक मार्गावर वाटेत उतारू घेत धावणारी आल्मेंद्रोन ही हॅव्हानाच्या दैनंदिन वाहतुकीचा आधार बनली. पुष्कळदा मालक व चालक वेगळे असतात. रंगरंगोटी केलेल्या उघड्या टपाच्या गाड्या पर्यटकांसाठी राखल्या जातात.

१ ऑक्टोबर २०११ पासून सर्व वर्षांच्या मोटारींच्या खरेदी-विक्रीस मुभा मिळाली, तर जानेवारी २०१४ मध्ये शासकीय दुकानांतील विक्री परवान्याविना खुली झाली. परंतु तेथे प्यूझो ५०८ या गाडीची किंमत अडीच लाख डॉलरांहून अधिक होती. त्यामुळे जुन्या गाडीस पर्याय निर्माण झाला नाही. मार्च २०२४ मध्ये पेट्रोलचा दर लिटरला २५ पेसोंवरून १३२ पेसोंवर गेल्याने व्यवसाय अधिकच कठीण झाला.

मूल्यमापन : संग्राहकाच्या दृष्टीने मूळ एंजिन व मूळ भाग यांवर जुन्या मोटारीचे मोल ठरते; या कसोटीवर बहुतेक क्यूबन गाड्या उतरत नाहीत. जुन्या डीझेल एंजिनांचा धूर व मोठ्या अपघातात संरक्षण देणाऱ्या आधुनिक साधनांचा अभाव हे त्यांचे दोषही उघड आहेत. तथापि मूळ रूप जसेच्या तसे राखण्याचा हट्ट धरला असता, तर यांतील बहुसंख्य गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या. येथे फेरफार हा हौसेचा भाग नसून निर्वाहाचे साधन आहे; क्यूबन यंत्रकारागिरांचे कौशल्य आणि सहा दशकांच्या व्यापारबंदीचा सामाजिक इतिहास या दोहोंची साक्ष या गाड्या देतात.