पूर्वानुभवातून उत्तराकडे : प्रकरणाधारित तर्कपद्धतीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

नवा रुग्ण तपासताना अनुभवी डॉक्टरांना पूर्वीचा एखादा रुग्ण आठवतो. नवा दावा हाती घेताना वकील जुने निवाडे चाळतात. सर्वसाधारण नियमांपासून आरंभ न करता, पूर्वी सोडविलेल्या सदृश समस्येच्या आधारे नवी समस्या सोडविण्याची ही रीत आहे. ती यंत्रास शिकविण्याचा जो प्रयत्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात झाला, त्यास ‘केस-बेस्ड रीझनिंग’ अर्थात प्रकरणाधारित तर्कपद्धती असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या पद्धतीच्या जडणघडणीचा आढावा घेतला असून, यंत्राचा निर्णय कोणत्या आधारावर उभा आहे हे माणसास तपासता येते काय, या प्रश्नाच्या अनुषंगाने तिचे मूल्य पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

नियमाधारित प्रणालींची मर्यादा

१९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेली ‘मायसिन’ ही तज्ज्ञ प्रणाली रक्तातील जंतुसंसर्गाचे निदान व प्रतिजैविकांची निवड यांसाठी सुमारे ५०० नियमांचा उपयोग करीत असे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीची ‘एक्सकॉन’ प्रणाली ग्राहकाच्या मागणीनुसार संगणकाच्या भागांची जुळणी ठरवीत असे. १९८० च्या दशकात तिच्या नियमांची संख्या काही शेकड्यांवरून काही हजारांवर गेली. उत्पादने बदलली की नियम बदलावे लागत आणि एका नियमातील बदलाचा इतर नियमांवर होणारा परिणाम तपासावा लागे. याहून मूलभूत अडचण अशी की, तज्ज्ञास आपले ज्ञान नियमांच्या रूपात सांगता येतेच असे नाही. ‘हे आपण कसे ओळखले?’ असे विचारले असता तो बहुधा एखादा प्रसंगच सांगतो.

स्मृतीविषयीचा नवा विचार

येल विद्यापीठातील रॉजर शँक यांनी रॉबर्ट ॲबेलसन यांच्यासह १९७७ साली अशी मांडणी केली की, उपाहारगृहात जाण्यासारख्या परिचित प्रसंगांचे ठरावीक आराखडे माणसाच्या मनात साठविलेले असतात. परंतु १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या गॉर्डन बॉवर, जॉन ब्लॅक व टेरेन्स टर्नर यांच्या प्रयोगांतून असे दिसून आले की, डॉक्टरांकडील व दंतवैद्याकडील भेटींसारख्या मिळत्याजुळत्या कथा वाचणारे लोक एका कथेतील घटना दुसरीत घडल्याचे सांगतात. आराखडे स्वतंत्र कप्प्यांत असते, तर अशी गल्लत झाली नसती. शँक यांनी १९८२ च्या ‘डायनॅमिक मेमरी’ या ग्रंथात आपला सिद्धांत बदलला. अनुभव परस्परांशी जोडलेले असतात, अपेक्षाभंग झाला की तशाच पूर्वीच्या अपेक्षाभंगाचे स्मरण होते आणि त्यातूनच माणूस शिकतो, हे त्याचे सार होय. याच परंपरेत जेनेट कोलोडनर यांनी ‘सायरस’ ही प्रणाली घडविली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स व एडमंड मस्की यांच्या भेटीगाठींची माहिती साठवून ती प्रश्नांची उत्तरे देत असे.

स्वयंपाकघर, न्यायालय आणि कारखाना

क्रिस्टियन हॅमंड यांच्या १९८६ च्या ‘शेफ’ प्रणालीत या विचाराला ठोस रूप आले. गोमांस व ब्रोकोली परतून करावयाच्या पदार्थाची कृती तिच्याकडे मागण्यात आली. तिच्या संग्रहात गोमांस व हिरव्या शेंगांची कृती होती. शेंगांच्या जागी ब्रोकोली घालून तिने नवी कृती तयार केली. मात्र संगणकीय चाचणीत मांसाला सुटलेल्या पाण्यामुळे ब्रोकोली मऊ पडली. तेव्हा प्रणालीने दोन्ही जिन्नस वेगवेगळे परतण्याची दुरुस्ती केली आणि अपयशाचे कारणही जतन केले, जेणेकरून पुढे तशीच मागणी आल्यास धोका आधीच ओळखता यावा.

केविन ॲशली व एडविना रिसलँड यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात घडविलेली ‘हायपो’ प्रणाली व्यापारी गुपितांविषयीच्या दाव्यांसाठी होती. गुपित बाहेरच्यांना सांगितले गेले होते काय, ते न फोडण्याचा करार झाला होता काय, अशा निकषांवर ती दाव्यांची तुलना करी. तिचे वैशिष्ट्य असे की, ती निकाल देत नसे. एका पक्षाला अनुकूल निवाडा मांडून, तो प्रस्तुत दाव्याहून कसा भिन्न आहे हे प्रतिपक्षाच्या वतीने सांगून, त्यावरील प्रत्युत्तरही ती देई.

उद्योगक्षेत्रातील प्रारंभीचे उदाहरण म्हणजे लॉकहीड कंपनीची ‘क्लेव्हिअर’ प्रणाली. विमान व अवकाश उद्योगासाठी लागणारे संमिश्र पदार्थांचे भाग मोठ्या भट्टीत कसे मांडावेत, याचा परिपूर्ण सिद्धांत उपलब्ध नव्हता. कामगार पूर्वीच्या यशस्वी मांडण्यांची रेखाटने जपून ठेवीत. नियम नसले तरी प्रकरणे होती, आणि १९९० पासून यंत्राने त्यांचाच आधार घेतला.

कार्यपद्धतीचे चार टप्पे

आग्नार आमोट व एनरिक प्लाझा यांनी १९९४ च्या शोधनिबंधात या पद्धतीचे चार टप्पे मांडले, ते आजही प्रमाण मानले जातात : सदृश प्रकरण शोधणे, त्याच्या उत्तराचा नव्या समस्येसाठी पुनर्वापर करणे, ते उत्तर तपासून सुधारणे आणि नवे प्रकरण संग्रहात जतन करणे. यांपैकी पहिलाच टप्पा सर्वांत नाजूक आहे. कोणत्या दोन गोष्टी सदृश मानायच्या हे स्वयंसिद्ध नसते. कोणत्या निकषास किती महत्त्व द्यायचे, हे बहुधा प्रणाली घडविणारा माणूस ठरवितो. शिवाय संग्रहातील जुने निर्णय अन्यायकारक असतील, तर त्यांच्यावर बेतलेले नवे निर्णयही तसेच होण्याचा धोका राहतो.

निष्कर्ष

आजच्या अनेक प्रभावी प्रणाली प्रचंड माहितीवर प्रशिक्षित झालेल्या चेताजालांवर उभ्या आहेत. त्यांचा ‘अनुभव’ असंख्य अंकांमध्ये विरघळलेला असतो. अमुक निर्णय कोणत्या पूर्वानुभवावरून आला, हे त्यातून वेगळे काढणे अत्यंत कठीण असते. प्रकरणाधारित प्रणाली मात्र ज्या प्रकरणावर विसंबली ते समोर ठेवू शकते. निर्णय चुकीचा असू शकतो, सादृश्यही चुकीचे असू शकते; परंतु ‘ते प्रकरण माझ्या प्रकरणासारखे नाही’ असे म्हणण्याची संधी संबंधित व्यक्तीस मिळते. कर्ज नाकारले गेलेल्या अर्जदारासाठी किंवा उपचाराविषयी शंका असलेल्या रुग्णासाठी ही संधी क्षुल्लक नाही. ‘शेफ’ने अपयशाचे कारण जपले, ‘हायपो’ने प्रतिपक्षाला जागा दिली. यंत्राच्या बुद्धिमत्तेचे मोजमाप करताना अचूकतेबरोबरच ही दोन लक्षणेही विचारात घेतली जावीत, हाच या इतिहासाचा बोध होय.