लहान स्क्रूचे आटे आणि मऊ धातू : सामर्थ्याच्या अंदाजाचा इतिहास

प्रस्तावना : पितळ वा ॲल्युमिनियममध्ये पोलादी स्क्रू अधिक आवळल्यास स्क्रू तुटण्याऐवजी बहुधा छिद्रातील आटेच कापले जातात. आटे किती भार सोसतील, हा अंदाज कसा विकसित झाला याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अनुभवाचे प्रमाणीकरण : जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्टांची मापे जमवून ५५ अंशांच्या आट्याचे प्रमाण मांडले. घड्याळे व उपकरणांतील लहान स्क्रूंसाठी जिनिव्हाचे मार्क थुरी यांनी १८७८ मध्ये हीच पद्धत अवलंबिली. प्रचलित चांगल्या स्क्रूंच्या अभ्यासातून त्यांनी व्यास हा आट्यांमधील अंतराच्या १.२ घाताच्या सहापट, असे सूत्र काढले. ब्रिटिश असोसिएशनच्या समितीने १८८४ मध्ये ४७.५ अंशांचा हाच आटा शिफारसीत घेतला. या प्रमाणांत कारागिरांचा अनुभव साठविलेला होता. मात्र छिद्राचा धातू मऊ असल्यास काय, याचे स्वतंत्र उत्तर त्यांत नव्हते.

सिद्धान्ताचा टप्पा : गुडियर (१९४०) व सॉपविथ (१९४८) यांच्या अभ्यासांतून भार सर्व आट्यांवर समान पडत नसून भाराकडील पहिल्या आट्यांवर सर्वाधिक पडतो, हे स्पष्ट झाले. तथापि मऊ व तन्य धातूत पहिले आटे किंचित वाकून भार पुढील आट्यांकडे सोपवितात. म्हणूनच तेथे सरासरीचा हिशेब उपयोगी ठरतो.

उदाहरणार्थ, ४ मिमी व्यासाच्या प्रमाणित मेट्रिक स्क्रूचे ताणक्षेत्र ८.७८ चौ. मिमी आहे. पोलादाचे ताणसामर्थ्य प्रति चौ. मिमी ४०० न्यूटन धरल्यास तो सुमारे ३५०० न्यूटनला तुटेल. मऊ ॲल्युमिनियमचे कर्तनसामर्थ्य ६० न्यूटन व आट्याच्या दंडगोलाचे निम्मेच क्षेत्र प्रभावी मानल्यास छिद्रातील पकड सुमारे ९.३ मिमी, म्हणजे व्यासाच्या दुपटीहून थोडी अधिक हवी. मऊ धातूत व्यासाच्या दुप्पट खोली ठेवावी, हा कार्यशाळेतील संकेत याच्याशी जुळतो.

निष्कर्ष : येथे अनुभव आधी आला व त्याचे कारण शास्त्राने नंतर सांगितले. तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ सिद्धान्तांच्या क्रमाने शिकविल्यास कारागिरांचे हे योगदान दृष्टीआड होते. अध्यापकांनी त्याची नोंद घेणे अगत्याचे आहे.