पगारपत्रकातली पीटी

राजूरच्या आदिवासी विकास प्रकल्पाखाली अकोले तालुक्यात आश्रमशाळा चालतात. तिथं नव्यानं लागलेल्या शिक्षकाला फेब्रुवारीच्या पगारपत्रकात एक आकडा खटकतो. भविष्यनिर्वाह किंवा पेन्शनची कपात कळते, तो पैसा आपलाच. आयकर कळतो, पतसंस्थेचा हप्ता तर स्वतःच ओढवून घेतलेला असतो. पण दरमहा दोनशे कापली जाणारी पीटी एकदम तीनशे?

‘‘भाऊसाहेब, शंभर जादा कापले की!’’

‘‘सर, अडीच हजारांचा मेळ घालायचा असतो,’’ कारकून मान वर न करता सांगतो.

मेळ असा: हे वर्ष मोजतात मार्चच्या पगारापासून फेब्रुवारीच्या पगारापर्यंत. अकरा महिन्यांचे २,२०० आणि शेवटचे ३०० मिळून २,५००. त्यापुढं राज्याला जाताच येत नाही, कारण राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानं या कराला कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली आणि तिथंच थांबली. त्यामुळे आज महिना वीस हजारांचा शिपाई आणि लाखाच्या वरचा अधिकारी दोघंही सारखीच पीटी भरतात. मला तरी हा न्याय पटत नाही.

पण या कराचं कूळ मात्र चांगलं आहे. पीटी म्हणजे व्यवसाय कर. महाराष्ट्रात तो १९७५ पासून लागू झाला. त्याआधी १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता. खडी फोडणं, नाले बांधणं, रस्ते करणं अशा कामांवर ऐन कडाक्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसं होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये करून पाहिलेली कल्पना आता राज्याची झाली: मागेल त्याला काम. तीच रोजगार हमी. काम द्यायचं तर रोख मजुरी हवी, आणि सरकारची नजर गेली शहरातल्या, नोकरीतल्या, ठरल्या तारखेला पगार घेणाऱ्यांकडं. पावसानं ओढ दिली तरी ज्याचा पगार चुकत नाही, त्यानं थोडा वाटा उचलावा, असा हिशेब. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानं व्यवसाय कराचा पैसा रोजगार हमीच्या निधीशी जोडला; निधीत जमेल तेवढीच रक्कम सरकारनं स्वतःची घालायची ठरली. कायदा २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला.

अकोल्यात या पैशाची दोन्ही टोकं एकाच घरात सापडू शकतात. पश्चिमेकडच्या डांगाणात पाऊस धो धो कोसळतो, पण भात निघालं की हाताला काम नसतं. माणसं मजुरीसाठी जुन्नर-नारायणगावकडं उतरतात, नाहीतर गावात रोहयोचं काम निघायची वाट बघतात. अशा घरातला शिकलेला मुलगा आश्रमशाळेत लागतो आणि त्याच्या पगारातून दोनशे कापले जातात.

आता सवलतींचं. पुरुषांना महिना ७,५०० पर्यंत पीटी नाही, १०,००० पर्यंत १७५. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे, तेव्हा तुटपुंज्या मानधनावरच्या बाईंच्या पत्रकात पीटी दिसली तर भाऊसाहेबांना जरूर विचारावं. आणि आयकराची जुनी पद्धत घेतली असेल तर हे २,५०० उत्पन्नातून वजा होतात. नव्या पद्धतीत होत नाहीत.