पुस्तकातली ‘विद्या’ आणि कुंडीतलं कलम

शाळेत असताना पुस्तकात ‘विद्या’ ठेवली होती का तुम्ही? हिरवी, चपटी, बारीक जाळीसारखी पसरलेली डहाळी. कुणी तिला मोरपंखी म्हणतं, कुणी नुसतंच विद्या. ती पुस्तकात असली की अभ्यास चांगला होतो असा अख्ख्या वर्गाचा ठाम विश्वास, त्यामुळे परीक्षेच्या आठवड्यात जवळपासचं झाड खालून बोडकं झालेलं असायचं. (त्याच पुस्तकात पुढे कुठेतरी मोरपीसही असायचं, पिल्लं देणार म्हणून.) मुंबईतल्या घरगुती झाडांचा इतिहास हा माझ्या पीएच.डी.चा विषय. वडाळ्यात काम करताना हे झाड इतक्या कुंड्यांमध्ये भेटलं की त्यावर वेगळं लिहिणं भागच होतं.

पहिली गोष्ट म्हणजे विद्या मूळची आपल्याकडची नाही. ती चीन, कोरिया आणि रशियाचा अतिपूर्वेकडचा भाग इथली. लिनियसनं १७५३ साली तिला ‘थुजा ओरिएंटॅलिस’ म्हटलं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या थुजाची पूर्वेकडची बहीण. पण हिच्या बीला पंख नसतो, थुजाच्या बीला असतो. असे फरक धरून ती वेगळी काढली गेली आणि १९४९ साली फ्रांको या पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञानं ‘प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस’ हे आजचं नाव पक्कं केलं. आपल्या नर्सऱ्यांना अर्थात त्याचं काही नाही, तिथे अजून थुजाच. चीनमध्ये ही झाडं देवळांच्या आवारात आणि समाध्यांपाशी शेकडो वर्षं उभी आहेत. बीजिंगच्या अधिकृत शहरवृक्षांपैकी हा एक आहे. तेव्हा ‘मोरपंखी जोडीनं लावावी असं आपल्या प्राचीन शास्त्रात सांगितलंय’ असा व्हॉट्सअॅप आला, तर पाठवणाऱ्याला ग्रंथाचं नाव विचारा.

मग हे परदेशी झाड घरगुती कसं झालं? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याची खरी पंचाईत होते. बागांचे कागद सापडतात. वडाळ्याला लागूनच शिवडी. तिथे पश्चिम भारताच्या अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची (स्थापना १८३०) बाग होती. १८६० च्या दशकात त्या जागी ख्रिस्ती दफनभूमी झाली आणि शहराची मुख्य बाग भायखळ्याला, आपल्या राणीच्या बागेत गेली. पुढे १८९६ च्या प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला (१८९८). दादर, माटुंगा, वडाळा हा भाग आखून वसवला गेला आणि पाच उद्यानांचा परिसर त्या आखणीतूनच उभा राहिला. नकाशे, जमिनीचे दर, रस्त्यांची रुंदी, सगळं नोंदलेलं आहे. पण गॅलरीतल्या डालडाच्या डब्यात लावलेल्या फांदीची पावती कोण फाडणार? ती शेजारणीकडून येते, माहेराहून येते, नाहीतर बागेतून गुपचूप तोडून आणलेली असते. मला भेटलेल्या बहुतेक विद्या अशाच ‘कुणीतरी दिलेल्या’ होत्या.

म्हणजे या झाडाचा जो काही दस्तऐवज आहे, तो फांदीच आहे. आणि हे मी अलंकारिक बोलत नाहीये. मराठीत कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे फांदीपासून केलेलं रोपही. हापूसची कोय पेरली तर हापूस मिळेलच असं नाही, कलम केलं तर मिळतो. कारण कलम हे मूल नसतं, तेच झाड पुढे चालू असतं. कुणाच्या आजीनं दिलेल्या फांदीचं झाड हे आजीचंच झाड असतं.

पण सूचीपर्णी झाडांच्या बाबतीत फांदी याहून जास्त काही लक्षात ठेवते. ते कसं कळलं, ही गोष्ट मला फार आवडते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या नर्सऱ्यांमध्ये मऊ, सुईसारख्या पानांची बुटकी झुडपं ‘रेटिनोस्पोरा’ म्हणून विकली जायची. हे नाव झीबोल्ड आणि त्सुकारिनी यांनी १८४० च्या दशकात काही जपानी झाडांसाठी काढलं होतं. नर्सरीवाल्यांनी ते अशा दिसणाऱ्या सगळ्याच झुडपांना चिकटवलं. त्यांना फळं जवळजवळ येतच नसत, त्यामुळे ओळख पटवायची कशावरून? लुडविग बाइसनर नावाच्या जर्मन उद्यान-निरीक्षकानं १८८० च्या दशकात साधाच प्रयोग केला. बी पेरून उगवलेल्या कोवळ्या रोपांच्या फांद्या त्यानं कलम म्हणून लावल्या. या झाडांची सुरुवातीची पानं टोकदार सुईसारखी असतात, खवल्यांची चपटी डहाळी नंतर येते. कोवळ्या अवस्थेतली फांदी लावली, तर नवं झाड बरेचदा त्याच अवस्थेत राहायचं! ‘रेटिनोस्पोरा’ म्हणून विकली जाणारी अनेक झुडपं म्हणजे ओळखीच्याच झाडांची कलमानं थांबवून ठेवलेली बालपणं होती. आपल्या विद्येचीही अशी बालरूपं त्यात होती. विद्यापीठातल्या पंडितांचा गोंधळ रोज फांद्या लावणाऱ्या माणसानं सोडवला, हे मला विशेष वाटतं.

पुढे १९०४ साली फ्योख्टिंगनं अरॉकेरियावर, म्हणजे आपण मुंबईत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून गॅलरीत ठेवतो त्या झाडावर, दाखवलं की बाजूच्या फांदीचं कलम बाजूलाच वाढत राहतं, सरळ उभं होत नाही. विद्या इतकी हट्टी नाही, पण सरळ झाड हवं असेल तर शेंड्याकडची उभी फांदी घ्या; बाजूच्या फांदीचं झाड पसरट, कलतं होऊ शकतं.

आता घरी करायचं तर कसं? बोटाएवढी, दहा-पंधरा सेंटीमीटरची, बुंध्याशी तपकिरी व्हायला लागलेली फांदी कात्रीनं कापू नका. खाली ओढून अशी काढा की जुन्या सालीची छोटी पट्टी तिच्याबरोबर येईल. माळी तिला टाच म्हणतात. खालची पानं काढा, निम्मी रेती आणि निम्मं कोकोपीट असलेल्या ओल्या मिश्रणात खोचा. रूटिंग पावडर मिळाली तर टाच त्यात बुडवा. तिच्यात बहुधा आयबीए असतं. मुळं फुटायला ते उपयोगी पडतं हे १९३५ साली समजलं. त्याआधी भरवसा होता तो काचेवर. डॉ. वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरनं १८३० च्या सुमारास काचेच्या बंद पेटीत झाडं जगतात हे दाखवलं आणि अशाच पेट्यांमधून रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधला चहा भारतात आणला. तुमची पेटी म्हणजे कोल्ड्रिंकची कापलेली बाटली, कुंडीवर उपडी घातलेली. सावलीत ठेवा, उन्हात ठेवलीत तर आत फांदी शिजेल.

मुंबईत मी पाऊस संपल्यानंतरचा काळ सुचवेन. पावसाळ्यात हवा दमट असली तरी बुरशीच आधी पोहोचते. आणि घाई नको. ही फांदी मुळं नसतानाही कित्येक आठवडे हिरवीगार दिसते, त्यामुळे ‘लागली हो!’ असा फोन लगेच करू नका. दोन-तीन महिन्यांनी हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखी वाटली तर मुळं आहेत.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण वडाळ्यातच आहे. जुन्या इमारती आणि क्वार्टर्स एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. सामान हलताना फ्रिज जातो, गोदरेजचं कपाट जातं, जिन्याखालचा डबा मागे राहतो. वीस-पंचवीस वर्षं डब्यात अडकलेल्या झाडाची मुळं पत्र्याला धरून असतात. ते उपटून नेलं तर बरेचदा जगत नाही. फांदी मात्र पिशवीत मावते. तारीख ठरलेली असेल तर चार महिने आधीच चार-पाच फांद्या लावा, एखादी तरी धरेल.

आणि लावताना आइस्क्रीमच्या काडीवर तीन गोष्टी लिहून कुंडीत खोचा: कुणी दिली, कुठल्या इमारतीतून, कुठल्या साली. पेन्सिलनं लिहा, बॉलपेन उन्हात उडतं.