डीएनए परीक्षण, न्यायवैद्यक

गुन्ह्याच्या जागी मिळालेल्या रक्त, वीर्य, लाळ, हाडे किंवा त्वचेच्या पेशींमधील डीएनए संशयिताच्या वा पीडिताच्या डीएनएशी ताडून ओळख पटवण्याची पद्धत. एकरूप जुळी भावंडे वगळता प्रत्येकाच्या डीएनएमधील काही भाग इतरांपेक्षा वेगळे असतात, हा तिचा आधार.

इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये ही पद्धत शोधली. लेस्टरशायरमधील दोन शाळकरी मुलींच्या खुनांच्या तपासात तिची पहिली कसोटी लागली. एका खुनाची कबुली सतरा वर्षांच्या मुलाने दिली होती. परीक्षणाने तो निर्दोष ठरला. त्यानंतर परिसरातील सुमारे ५,००० पुरुषांचे नमुने घेण्यात आले आणि १९८८ मध्ये खऱ्या गुन्हेगाराला जन्मठेप झाली. या तंत्राने आधी निरपराध्याला सोडवले, ही गोष्ट त्याच्या इतिहासात सर्वांत मोलाची आहे.

मूळ पद्धतीला भरपूर आणि न कुजलेला नमुना लागे. डीएनएच्या असंख्य प्रती काढणारी पीसीआर प्रक्रिया आली आणि रक्ताचा पुसटसा डागही पुरू लागला. आता हाताळलेल्या वस्तूवर राहिलेल्या मोजक्या पेशींवरूनही आराखडा मिळू शकतो. काही यंत्रे तर सुमारे दोन तासांत निष्कर्ष देतात. अनेकांचा डीएनए मिसळलेला असल्यास संगणकप्रणाली संभाव्यतेचे गणित मांडते. अशा प्रणालीची आज्ञावली बचाव पक्षाला तपासता आली पाहिजे, नाहीतर न्यायालयापुढे फक्त एक आकडा उरतो.

संवेदनशीलता वाढली तसा मूळ प्रश्नही बदलला. ‘हा डीएनए कोणाचा?’ याइतकेच ‘तो तिथे आला कसा?’ हे महत्त्वाचे झाले. हस्तांदोलनातून एकाच्या पेशी दुसऱ्याच्या हातावर आणि तिथून तिसऱ्याच वस्तूवर जाऊ शकतात. जर्मनी, ऑस्ट्रिया व फ्रान्समधील सुमारे ४० ठिकाणी एकाच स्त्रीचा डीएनए सापडत होता. हाइलब्रॉन येथे २००७ मध्ये झालेल्या महिला पोलिसाच्या खुनानंतर तिचा शोध तीव्र झाला. ती गुन्हेगार नव्हतीच. नमुने टिपण्याच्या कापसाच्या काड्या बनवण्याच्या कामात असलेल्या एका स्त्रीचा तो डीएनए असल्याचे २००९ मध्ये उघड झाले.

वंशावळींच्या खासगी संग्रहांमुळे संशयिताच्या दूरच्या नातेवाइकावरूनही माग काढता येतो. कॅलिफोर्नियातील काही दशकांपूर्वीच्या खुनांचा आरोपी २०१८ मध्ये असाच सापडला. एकाने स्वेच्छेने दिलेल्या नमुन्यातून सारे गोत तपासाच्या कक्षेत येते. त्या इतरांची संमती कोणी घेतलेली नसते.

भारतात हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील लालजी सिंग यांनी १९८०च्या दशकाअखेर हे तंत्र रुजवले. महाराष्ट्रात शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा हे काम करतात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे बंधनकारक करायचे आहे; राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. ही तरतूद योग्य जागी बोट ठेवते, कारण खटला बहुधा पंचनामा, मोहोर आणि मुद्देमालाच्या नोंदीत कच्चा राहतो. दिल्लीतील एका बलात्कार व खून खटल्यात नमुने अनेक दिवस पोलिसांच्या मालखान्यात पडून होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये डीएनए अहवालावर विसंबण्यास नकार देऊन फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना सोडले.

डीएनए तंत्रज्ञानाच्या वापराचे नियमन करणारे २०१९ चे विधेयक केंद्राने २०२३ मध्ये लोकसभेतून मागे घेतले.